फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पीएचडी करायची आहे, पण स्वखर्चाने नाही

प्रवाहपतित

मंडळी, मेकॅनिकलमध्ये मास्टर्स झालं आहे. प्रबंध काटकोनात वळणाऱ्या पाइपमधल्या टर्ब्युलंट (खळबळत्या, भोवऱ्यांच्या) प्रवाहावर होता, सगळं काम ओपनफोम या प्रवाहाच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. आता पीएचडी करायची आहे आणि फ्लुइड मेकॅनिक्स (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र) सोडून दुसरा विषय डोक्यात नाही. अट एकच, खिशातून फी भरणार नाही. ते जमणारही नाही, आणि चार-पाच वर्षं पूर्ण वेळ राबायचं तर त्याचे पैसे मिळावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गेले काही महिने प्राध्यापकांना ईमेल पाठवतोय. त्यांची वेबसाइट बघायची, दोन पेपर चाळायचे, 'आपल्या संशोधनाने प्रभावित झालो' असं लिहायचं, सीव्ही जोडायचा. बहुतेकांकडून उत्तरच येत नाही. जे देतात त्यांचं ठरलेलं वाक्य: 'सध्या निधी नाही, पण तुम्ही स्वतःची फेलोशिप घेऊन आलात तर स्वागत आहे.'

तर या पगारी जागा असतात कुठे, आणि मिळतात कशा? देश कोणताही चालेल. शिवाय एक मित्र म्हणतो, फ्लुइड्स हा संपलेला विषय आहे, वेळीच मशीन लर्निंगकडे वळ. त्यात कितपत तथ्य आहे?

खवचट

'संपलेला विषय' वाचून ड्वाले पाणावले. क्ले इन्स्टिट्यूट या गणिताच्या संस्थेने २००० साली प्रवाहाच्या मूळ समीकरणांच्या, म्हणजे नेव्हिअर-स्टोक्सच्या प्रश्नावर दहा लाख डॉलर लावलेत, ते अजून तसेच पडून आहेत. तेवढं सोडव, निधीची चिंता कायमची मिटेल.

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली आहे. भाचीला दुवा पाठवतो.

लॅमिनार_लता

प्रवाहपतित, तू आधी प्राध्यापक शोधतोस आणि मग त्यांच्याकडे पैसे आहेत का ते विचारतोस. क्रम उलटा कर. पैसे कुणाला मिळालेत ते आधी बघ, मग त्या माणसाचं काम वाच.

पगारी जागा तयार कशी होते ते एकदा समजून घे. प्राध्यापक कुठल्यातरी संस्थेकडे प्रस्ताव पाठवतात, महिनोन्‌महिने वाट बघतात, बरेच प्रस्ताव पडतात. एखादा मंजूर झाला की त्याच्या अंदाजपत्रकात एक ओळ असते: डॉक्टरेटसाठी एक जण, अमुक वर्षं. तो पगार प्रकल्पाच्या मुदतीतच खर्च व्हावा लागतो. म्हणजे आता घाई त्यांना असते. मंजुरी आणि जाहिरात यांच्या मधल्या काळात तुझं ईमेल गेलं तर ते नीट वाचलं जातं. एरवी तेच ईमेल, तोच सीव्ही, आणि कुणी उघडूनही बघत नाही.

कुणाला काय मंजूर झालं हे गुपित नसतं. युरोपियन युनियनचे प्रकल्प कॉर्डिस या साइटवर दिसतात, जर्मन निधीसंस्था डीएफजीचे गेप्रिसवर, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चवर, अमेरिकी निधीसंस्था एनएसएफचे त्यांच्या अवॉर्ड सर्चवर. 'टर्ब्युलन्स', 'मल्टिफेज', 'बाउंडरी लेअर' असे शब्द टाकायचे आणि नुकतेच सुरू झालेले किंवा सुरू होऊ घातलेले प्रकल्प बघायचे. ईआरसीचं (युरोपियन रिसर्च कौन्सिलचं) स्टार्टिंग ग्रँट मिळालेलं कुणी दिसलं तर तिथे जरा जास्त वेळ थांबायचं. पाच वर्षांसाठी साधारण पंधरा लाख युरोपर्यंतची रक्कम असते आणि त्यातून माणसंच घ्यायची असतात.

मी नेदरलँड्समध्ये केली. तिथे पीएचडी करणारा विद्यापीठाचा नोकरदार असतो: चार वर्षांचा करार, पगारपत्रक, रजा, निवृत्तिवेतनाची कपात, सगळं. साधारण पहिल्या वर्षाच्या शेवटी एक आढावा असतो, त्यात पुढे जायचं की थांबायचं ते ठरतं. जागा ॲकॅडेमिक ट्रान्सफर या साइटवर येतात, बाकी युरोपच्या युरॅक्सेसवर. जाहिरात आलेली असेल तर प्राध्यापकांना वेगळं ईमेल टाकून 'मी अर्ज करू का' विचारत बसू नकोस. सरळ अर्ज कर.

सातासमुद्रापार

लताताईंचं युरोपपुरतं बरोबर आहे. अमेरिकेत गणित वेगळं. तिथे बहुतेक ठिकाणी अर्ज विभागाकडे जातो, प्रवेश विभाग देतो. डिसेंबरच्या आसपास अर्ज, वसंतात निकाल, आणि आर्थिक मदतीसकट आलेल्या प्रस्तावावर उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. कुणी त्याआधीच 'आत्ताच्या आत्ता हो म्हण' असं दडपण आणत असेल तर हा नियम माहीत असू द्या.

पैसे दोन वाटांनी येतात. टीए म्हणजे आठवड्याला साधारण वीस तास शिकवणं, पेपर तपासणं, प्रयोगशाळा घेणं. आरए म्हणजे प्राध्यापकांच्या प्रकल्पातून पगार. दोन्हींत ट्यूशन माफ होते, पण त्याखेरीजच्या किरकोळ फिया माफ होतातच असं नाही, आणि त्या किरकोळ नसतात. ऑफर लेटरमध्ये नऊ महिने लिहिलंय की बारा, ते आधी बघा. नऊ असतील तर उन्हाळ्यात काय खायचं हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवायचा.

आणखी एक. नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरकडे स्टार्टअपचा, म्हणजे नवा गट उभारायला विद्यापीठाने दिलेला, पैसा असतो आणि विद्यार्थी एकही नसतो. नामवंतांच्या मागे धावण्यापेक्षा तिथे बघा.

शून्यदाब

वरच्या शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. नव्या प्राध्यापकाचा पहिला विद्यार्थी म्हणजे पंप जोडणं, लेसरची परवानगी काढणं, ऑप्टिकल टेबल वर चढवणं आणि मधल्या वेळात पीएचडी. त्यांना स्वतःला कायम व्हायचं असतं, त्या घाईचा भार तुमच्यावर येतो. कायम झाले नाहीत तर ते दुसरीकडे जातात आणि तुम्ही लटकता.

सातासमुद्रापार

@शून्यदाब, खरं आहे. पण तोच पहिला विद्यार्थी रोज तासभर गुरूंसमोर बसतो. नामवंतांकडे वीस जणांचा गट असतो, त्यात तुम्ही पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधकाच्या) हाताखाली आणि गुरू दर्शन देणार तीन आठवड्यांनी एकदा. ज्याचं त्याने ठरवावं.

द्रवश्याम

जर्मनीचं मी सांगतो. इथे जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३' असं लिहिलेलं असतं, ती वेतनश्रेणी. त्याच्या पुढचा टक्का महत्त्वाचा. ५०, ६५, ७५, १०० काहीही असू शकतो. इंजिनिअरिंगच्या संस्थांमध्ये बहुधा पूर्ण पगार मिळतो, भौतिकशास्त्र आणि गणिताच्या विभागांत बऱ्याचदा कमी टक्क्याचा. काम मात्र सगळीकडे शंभर टक्केच करायचं असतं.

पूर्ण पगारामागे कारण आहे. संस्थेत कंपन्यांचे प्रकल्प असतात, ते तुम्ही सांभाळता. जोडीला विद्यार्थ्यांचे प्रबंध, प्रात्यक्षिकं, कधी विंड टनेलची देखभाल. यातून वेळ उरला की स्वतःचा प्रबंध. म्हणून इंजिनिअरिंगमध्ये पाच-सहा वर्षं लागली तर कुणी भुवई उंचावत नाही. तिथल्या माणसाला 'कधी संपणार?' असं विचारू नये, शिष्टाचार म्हणून.

खवचट

शिष्टाचार सगळ्याच देशांत लागू करावा ही विनंती.

तळ्यात_मळ्यात

ब्रिटनमध्ये 'फुल्ली फंडेड' वाचून नाचू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच ठिकाणी फी फक्त स्थानिक दराने भरलेली असते. बाहेरून येणाऱ्याची फी त्याच्या कितीतरी पट, मधला फरक कोण भरणार? काही विद्यापीठं तो माफ करतात, काही नाही. यूकेआरआय या सरकारी निधीसंस्थेच्या पैशांवर २०२१पासून बाहेरचे विद्यार्थी घेता येतात, पण साधारण ३० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे जागा असूनही 'तुमच्यासाठी नाही' हे उत्तर येऊ शकतं.

तरी तिथली डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर ही चांगली सोय आहे. लीड्समध्ये तर फ्लुइड डायनॅमिक्सचंच आहे, २०१४पासून. दहा-बारा जणांची तुकडी एकदम घेतात, सुरुवातीला शिकवणी, मग प्रकल्प. एकट्याने तळघरात कुजत बसायची वेळ येत नाही.

मुक्ता_प्रवाही

युरोपात मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्सही बघ. एकाच विषयावर आठ-दहा विद्यापीठं आणि कंपन्या मिळून पंधराएक जागा काढतात, पगार चांगला, मधले काही महिने दुसऱ्या संस्थेत काम. पण त्यात एक काटा आहे: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने मास्टर्स ज्या शहरात केली तिथल्याच प्रयोगशाळेत मनासारखी जागा निघाली आणि तो याच नियमाने बाद झाला. शेजारच्या देशातली जागा घेतली त्याने शेवटी.

दुसरं, नेटवर्कचा पैसा बहुधा तीन वर्षांचा असतो. ज्या देशात पीएचडीला चार वर्षं लागतात तिथे चौथ्या वर्षाचं काय, हे मुलाखतीतच विचारायचं. लाजायचं नाही.

प्रवाहपतित

बापरे, एवढं सगळं! कॉर्डिस उघडून बसलोय. मला वाटायचं, जाहिरात म्हणजे नावापुरती, माणूस आधीच ठरलेला असतो.

लॅमिनार_लता

कधीकधी ठरलेला असतोच. गटातलीच एखादी मास्टर्सची मुलगी. जाहिरात फार थोडे दिवस उघडी असेल आणि अपेक्षा विचित्र नेमक्या असतील तर समजून जायचं. तरीही अर्ज करायचा, कारण ठरलेली माणसं ऐनवेळी दुसरीकडे जातात.

भोवरा

इथे सगळे देशांच्या नावांतच अडकलेत. मी वेगळी वाट सुचवतो: प्रयोग.

आजकाल ज्याला त्याला ओपनफोम येतं. लॅपटॉप असला की झालं. सिम्युलेशनच्या जागेला अर्जांचा ढीग पडतो. हॉट-वायर, पीआयव्ही, पाण्याचं टनेल हाताळलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही. आमच्या गटात प्रयोगाची जागा दोनदा जाहीर करावी लागली होती.

आणि मजा तिथेच आहे हो. हॉट-वायर म्हणजे साधारण पाच मायक्रॉन जाडीची टंगस्टनची तार, केसापेक्षा कितीतरी बारीक. ती तापवायची, वाऱ्याने ती गार होते, त्यावरून वेग काढायचा. तुटली तर आवाज येत नाही, पडद्यावरचा सिग्नल फक्त सपाट होतो आणि पोटात गोळा येतो. पीआयव्हीमध्ये प्रवाहात बारीक कण सोडायचे, लेसरचा पातळ पडदा टाकायचा, लागोपाठ दोन फोटो काढायचे आणि कणांचे पुंजके किती सरकले ते संगणकाला शोधायला लावायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण कण किती घालायचे, दोन फोटोंमधला वेळ किती ठेवायचा, भिंतीवरून येणारी चमक कशी मारायची, यात पहिलं वर्ष जातं.

प्रवाहपतित, तुझा विषय पाइप आहे म्हणून सांगतो. रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून लॅमिनार (शांत, थरांथरांचा) आणि टर्ब्युलंट प्रवाह दाखवला. खूप काळजी घेतली तेव्हा त्याचा प्रवाह १३,०००च्या आसपासच्या रेनॉल्ड्स अंकापर्यंत (वेग किंवा नळीची रुंदी वाढली की वाढणारा, द्रवाचा चिकटपणा वाढला की घटणारा आकडा) शांत राहिला होता. पुढे त्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला तर तो त्याआधीच बिघडायला लागला, कारण बाहेरच्या रस्त्यावरची वाहतूक वाढली होती. हे सिम्युलेशनमध्ये कुठून येणार?

रंगीतपंखा

@भोवरा, आली का परत 'आमची तार आणि तुमचे रंगीत फोटो' ही जुनी टेप?

सिम्युलेशन म्हणजे ओपनफोममध्ये बटण दाबणं असा तुमचा समज दिसतो. टर्ब्युलन्सचे लहानमोठे सगळे भोवरे सोडवायचे तर जाळीतल्या बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोन घाताने वाढते, आणि वेळेची पावलं धरली तर एकूण खर्च जवळपास घनाने. रेनॉल्ड्स अंक दहापट केला की काम हजारपट. दोन समांतर भिंतींमधल्या प्रवाहाचं प्रसिद्ध डीएनएस, म्हणजे असे सगळे भोवरे सोडवणारं सिम्युलेशन, १९८७ सालचं, घर्षणवेगावर आधारलेल्या रेनॉल्ड्स अंकाने १८०. त्याच साध्या भूमितीत ५२०० गाठायला २०१५ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं! विमानाचा पंख अजून दूरच. या मधल्या दरीत मॉडेल, म्हणजे न सोडवलेल्या भोवऱ्यांच्या परिणामाचे अंदाज, लागतात आणि त्या मॉडेलांवर आमच्यासारख्यांचे पगार चालतात.

धागाकर्त्याला सल्ला: 'ओपनफोम येतं' एवढ्याने आज भागत नाही हे भोवरांचं म्हणणं मान्य. स्वतःचा छोटा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) लिही. झाकण सरकणाऱ्या चौकोनी डब्यातला प्रवाह घे, १९८२चे घिया यांचे आकडे सगळे वापरतात, त्यांच्याशी ताडून बघ, कोड उघड्यावर ठेव. जॉन्स हॉपकिन्सचा टर्ब्युलन्सचा डेटाबेस फुकट उपलब्ध आहे, त्यातून काही काढून दाखव. निवड समितीत बसलेल्या माणसाला प्रमाणपत्रांपेक्षा हे पटकन कळतं.

भोवरा

डबा कशाला, कोडच उघडं ठेवलंस तर फार झालं, निम्मे लोक तेही करत नाहीत. बाकी ५२०० आणि विमान यांच्या मधल्या दरीत आमची विंड टनेल उभी आहेत, हे लक्षात असू द्या.

संपादक

दोघांनाही विनंती, तार विरुद्ध जाळी हा वाद वेगळ्या धाग्यावर चालवावा.

खवचट

अहो चालू द्या. फुकटात सेमिनार मिळतंय.

रिकामटेकडा

अवांतर: टर्ब्युलन्सवर पीएचडी केलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस कोण? हायझेनबर्ग! म्युनिकला, झोमरफेल्ड यांच्या हाताखाली, १९२३. विषय होता प्रवाहाची स्थिरता. प्रबंध चांगला होता, पण तोंडी परीक्षेत प्रयोगवाल्या वीन यांनी फॅब्री-पेरो उपकरणाची, सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता विचारली आणि बॅटरी कशी चालते ते विचारलं. स्वारीला काही सांगता येईना. झोमरफेल्ड मध्ये पडले म्हणून कसाबसा पास. दोन वर्षांत त्याने क्वांटम मेकॅनिक्स उभं केलं.

म्हणजे भोवरा आणि रंगीतपंखा, तुमचं भांडण शंभर वर्षं जुनं आहे.

द्रवश्याम

त्या मानाने क्वांटम सोपं निघालं म्हणायचं.

लॅमिनार_लता

मूळ प्रश्नातला 'संपलेला विषय' तसाच राहिला. भोवरांनी रेनॉल्ड्सचं उदाहरण दिलंच आहे, त्याचंच पुढचं सांगते. पाइपमधला प्रवाह नेमक्या कुठल्या अंकाला कायमचा टर्ब्युलंट होतो, याचं पक्कं उत्तर २०११ साली आलं: साधारण २०४०. त्या पट्ट्यात टर्ब्युलन्सचे तुटक लोंढे प्रवाहाबरोबर पुढे सरकतात. काही विरून जातात, काही फुटून दोनाचे होतात. विरायला लागणारा सरासरी वेळ आणि फुटायला लागणारा सरासरी वेळ जिथे सारखे होतात, तो बिंदू. प्रश्न १८८३चा, उत्तर २०११चं, आणि त्यासाठी प्रयोगही लागले आणि सिम्युलेशनही. संपलेला विषय असा नसतो.

मशीन लर्निंगचं म्हणशील तर भांडायची गरज नाही. आता बऱ्याच जाहिरातींत दोन्ही मागतात. टर्ब्युलन्सची मॉडेल सुधारायला, अर्धवट मोजमापांवरून पूर्ण प्रवाह उभा करायला ते वापरतात. पण गट निवडताना एक बघ: तिथल्या लोकांना कोणतं समीकरण का लागू होतं हे माहीत आहे का, की नुसता डेटा ओतणं चालू आहे.

वडाची_साल

इतका वेळ शांतपणे वाचत होतो. पैसे कुठून मिळतात हे सगळ्यांनी सांगितलं, ते पैसे काय मागतात हे कुणी बोललं नाही.

माझी पीएचडी कंपनीच्या पैशांवर. कंपनीचं नाव घेत नाही. विषय सीलच्या फटीतून होणारी गळती. पगार वेळेवर, यंत्रं नवीकोरी. पहिला पेपर लिहून झाला आणि कंपनीच्या वकिलांनी तो ठेवून घेतला, पेटंटचा अर्ज व्हायचा आहे म्हणून. दुसऱ्या पेपरमध्ये मितीहीन (एककं नसलेले) आकडे छापायलाही हरकत घेतली, त्यावरून भूमिती ओळखता येईल म्हणे. प्रबंध तयार, छापलेलं काही नाही, आणि पोस्टडॉकच्या अर्जात विचारतात प्रकाशनांची यादी. मार्गदर्शक हात वर करून मोकळे.

कंपनीचा पैसा घेऊच नका असं मी म्हणत नाही. फ्लुइड्समध्ये तो टाळणं अवघड आहे. टर्बाइन, पंप, जहाजं, तेल, पवनचक्क्या, पैसा तिथूनच येतो. पण करारात प्रकाशनाचं कलम वाचा. कंपनीने मसुदा किती दिवसांत तपासून द्यायचा आणि जास्तीत जास्त किती काळ थांबवता येईल, हे लिहिलेलं हवं. 'आम्ही समजून घेऊ' याला काही किंमत नाही.

तळ्यात_मळ्यात

+१. फ्रान्समध्ये सिफ्र नावाची योजना आहे, त्यात कंपनीच तुम्हाला तीन वर्षं नोकरीवर ठेवते, सरकार कंपनीला अनुदान देतं आणि मार्गदर्शन प्रयोगशाळेचं. नोकरी मिळायला चांगलं. पण सालसाहेबांनी सांगितलेलं कलम तिथे दुप्पट काळजीने वाचावं.

मुक्ता_प्रवाही

पगार आणि शिष्यवृत्ती यांतला फरकही लक्षात घ्या. आकडा सारखा दिसला तरी शिष्यवृत्तीवर निवृत्तिवेतन, बाळंतपणाची रजा, आजारपण यांचं काय ते ठिकाणागणिक बदलतं. स्वीडनमध्ये मी नोकरदार होते. चार वर्षं संशोधन, जोडीला २० टक्क्यांपर्यंत विभागाचं शिकवण्याचं काम, म्हणून करार एकूण पाच वर्षांपर्यंत जातो. मधे मुलगी झाली, तेवढी मुदत पुढे ढकलली गेली. शिष्यवृत्तीवर असलेल्या माझ्या मैत्रिणीला, दुसऱ्या देशात, यासाठी तीन समित्यांपुढे अर्ज करावे लागले.

नुसताच_वाचक

भाची विचारतेय, मास्टर्सला गुण बेताचे असतील तर?

रंगीतपंखा

प्रबंध चांगला असेल आणि तो करून घेतलेले गुरू दोन खरी वाक्यं लिहून देत असतील तर चालतं. शिफारसपत्रात 'मेहनती व प्रामाणिक' एवढंच असेल तर ते नसलेलं बरं.

प्रवाहपतित

मंडळी, तुमच्या सल्ल्याने एक प्रकल्प सापडला. वळणदार पाइपमधल्या प्रवाहावरच आहे, नुकताच मंजूर झालेला. ईमेलचा मसुदा खाली देतोय, फाडा.

'आदरणीय प्राध्यापक महोदय, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स केले असून मला लहानपणापासून द्रवांच्या गतीचे आकर्षण आहे. आपल्या जागतिक दर्जाच्या संशोधनाने मी भारावून गेलो आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन. माझा आठ पानी सीव्ही सोबत जोडला आहे.'

खवचट

लहानपणापासून आकर्षण कुणाला नसतं? बादली दिसली की हात घालायचाच.

लॅमिनार_लता

सगळं काढ. भारावणं, भाग्य, आठ पानं, सगळं. मला सांग, तुझ्या प्रबंधात तुला काय दिसलं? दोन वाक्यांत.

प्रवाहपतित

वळणानंतर डीन भोवऱ्यांची, म्हणजे एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांची, जोडी तयार होते. टर्ब्युलंट प्रवाहात ती स्थिर राहत नाही, कधी एका बाजूचा भोवरा जोर धरतो, कधी दुसऱ्या. याची जी वारंवारता मला मिळाली ती प्रयोगांतल्या आकड्यांशी जुळली नाही, आणि इनलेटला (पाइपच्या तोंडाशी) प्रवाह कसा सोडला यावर ती अवलंबून आहे असं दिसलं. वेळ संपल्यामुळे तिथेच थांबावं लागलं.

लॅमिनार_लता

अरे, हेच तर ईमेल आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर एक ओळ: तुमचा अमुक प्रकल्प बघितला. मग हे. मग, इनलेटचा प्रश्न तुमच्या प्रकल्पात येतो का आणि त्यासाठी डॉक्टरेटची जागा निघणार आहे का, एवढं विचार. सीव्ही दोन पानं, प्रबंधाचा दुवा. संपलं.

भोवरा

आणि त्यांच्याकडे प्रयोगाची सोय आहे का ते बघ. असेल तर लिही की प्रयोगही शिकायची तयारी आहे. तयारी असेल तरच लिही, कारण ते तार हातात देतील.

शून्यदाब

त्या गटातल्या सध्याच्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनाही गाठ. गुरू कसे आहेत, पेपर किती दिवस टेबलावर पडून राहतात, किती जण अर्धवट सोडून गेले. लेखी कुणी सांगणार नाही, फोनवर सांगतात. उत्तर द्यायला फार वेळ घेतला तर तेही उत्तरच.

प्रवाहपतित

खूप दिवसांनी येतोय. उत्तर आलं! जाहिरात निघाली, अर्ज केला, आता पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. वीस मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं, मग प्रश्न. काय विचारतील?

रंगीतपंखा

अभिनंदन! घोडामैदान जवळच आहे. फळ्यावर, म्हणजे ऑनलाइन असेल तर कागदावर, पाया विचारतात. एखाद्या छोट्या घनावर वस्तुमानाचं संतुलन लिहून सातत्याचं समीकरण काढ. दाब कमी होतो की वाढतो ते वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला सांग. तुझी जाळी पुरेशी बारीक होती हे कशावरून? टर्ब्युलन्सचं हेच मॉडेल का घेतलं? 'सॉफ्टवेअरमध्ये आधीच निवडलेलं होतं' हे खरं असलं तरी उत्तर म्हणून चालत नाही.

सातासमुद्रापार

वीस मिनिटं म्हणजे पंधरा धर. स्लाइड दहाच्या आत. जो आकडा जुळला नाही तो लपवू नकोस, तोच मधोमध ठेव. समितीला त्यावरच बोलायचं असतं.

वडाची_साल

आणि तुझे प्रश्न. प्रकल्पाचे पैसे किती वर्षांचे आहेत, मुदत संपली आणि प्रबंध राहिला तर काय होतं, आधीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती वर्षं लागली, कंपनी आहे का आणि असेल तर कलम दाखवा. संगणकाचा वेळ कुठून मिळतो हेही विचार, डीएनएस करायचं असेल तर तो पगाराइतकाच महत्त्वाचा.

मुक्ता_प्रवाही

मुलाखतीची वेळ कोणाच्या घड्याळाप्रमाणे दिली आहे ते बघितलंस ना?

प्रवाहपतित

सकाळी दहा लिहिलंय फक्त. विचारून घेतो.

मुक्ता_प्रवाही

आत्ताच विचार. त्यांच्याकडे मध्येच घड्याळं एक तास पुढे-मागे होतात.